दोन देशांतली मुलं भेटवायची, तर पैसा कसा उभा करायचा?

१८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा एकमेकांशी लढले. शेवटचं युद्ध संपून अठरा वर्षं होत आली होती, तेव्हा २२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसमध्ये बहात्तर वर्षांचे शार्ल द गॉल आणि सत्त्याऐंशी वर्षांचे कोनराड आडेनाउअर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. एलिझे करार या नावाने तो ओळखला जातो. त्याच वर्षी ५ जुलैला या कराराच्या पोटी एक संस्था जन्माला आली : फ्रँको-जर्मन युवा कार्यालय. दोन्ही देशांतल्या मुलांना एकमेकांच्या घरी, शाळेत, क्रीडांगणावर नेऊन आणण्यासाठी पैसा पुरवणं हे तिचं काम. आजवर ९० लाखांहून अधिक मुलामुलींनी या पैशातून सीमा ओलांडली आहे.

युद्धानंतर मुलं भेटली आणि मनं जुळली, एवढी गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. पण संस्था चालवणाऱ्याने, शिक्षकाने, गावातल्या मंडळाच्या कार्यकर्त्याने खरं तर त्यामागच्या पैशाची रचना पाहायला हवी. या कार्यालयाच्या तिजोरीत दोन्ही सरकारं सारखी रक्कम टाकतात. पलीकडच्या देशात जोडीदार संस्था नसेल तर कार्यक्रमाला मदत मिळत नाही. आणि मिळते ती मदतही सगळा खर्च भागवणारी नसते. प्रवासाला अंतराप्रमाणे आणि मुक्कामाला माणशी-दिवसाप्रमाणे ठरावीक दराने पैसे मिळतात, उरलेले आयोजकांनी आणि पालकांनी उभे करायचे. त्यामुळे या व्यवहारात कुणी दाता नाही आणि कुणी याचक नाही. माझ्या मते साठ वर्षं हे काम टिकलं ते यामुळे.

याच धर्तीवर १७ जून १९९१ च्या करारातून जर्मन-पोलिश युवा कार्यालय निघालं. त्याची एक कचेरी पोट्सडामला आणि दुसरी वॉर्सात. ज्या दोन देशांत युद्धाच्या आठवणी आणखी कडवट होत्या, तिथेही हाच आराखडा चालला. पुढे २०१९ मध्ये जर्मनीतल्या आखेन इथे फ्रान्स आणि जर्मनीने नवा करार केला, आणि त्यातून २०२० मध्ये ‘नागरिक निधी’ सुरू झाला. तो तरुणांपुरता नाही. गावातली गायनमंडळी, बागकाम करणारे, अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, निवृत्त माणसं, कुणीही पलीकडचा जोडीदार शोधून त्यातून मदत मागू शकतं. ५,००० युरोपर्यंतच्या छोट्या उपक्रमांसाठी त्यात सोपी वाट ठेवलेली आहे. मला या निधीचं फार अप्रूप आहे. मोठ्या संस्थांना अर्ज लिहिणारी पगारी माणसं ठेवता येतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी मुद्दाम दार उघडून ठेवलं, ही मोठी गोष्ट आहे.

भारत आणि जर्मनी यांच्यात असं कायमचं युवा कार्यालय नाही. धागे मात्र आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. ज्या राज्याची श्टुटगार्ट ही राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राची २०१५ पासून भागीदारी आहे. पुण्या-मुंबईच्या किती तरी शाळा-महाविद्यालयांत जर्मन शिकवली जाते. म्हणजे ओळख आहे, पण ती पेलून धरणारी एक तिजोरी नाही. म्हणून आपल्याकडच्या आयोजकाला चार ठिकाणचे पैसे जोडून कार्यक्रम उभा करावा लागतो. पुढचं सगळं त्या जोडणीबद्दल आहे. उदाहरण मी जर्मनीचं घेतलं आहे. देश दुसरा असला तर योजनांची नावं बदलतील, आपल्याकडचे नियम तेच राहतील.

जोडीदार आधी, अर्ज नंतर

पुष्कळ जण सुरुवात ‘कुठली योजना आहे?’ इथून करतात. योजना हाती आली की घाईघाईने परदेशात एखादी संस्था गाठायची, तिचं पत्र मागवायचं आणि अर्ज ठोकायचा. असे अर्ज वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात, कारण दोन्ही बाजूंच्या मजकुरात दोन वेगळे कार्यक्रम दिसतात. निदान सहा महिने नुसती ओळख वाढू द्या. दर महिन्याला एकदा मुलांची ऑनलाइन भेट ठेवा. तिथल्या शिक्षकाला आपल्या शाळेची अडचण सांगा, त्याची ऐका. याला पैसा लागत नाही, आणि पुढे अर्जात लिहायला खरी सामग्री मिळते.

जोडीदार कुठे शोधायचा? ज्या शाळेत जर्मन शिकवली जाते तिच्या शिक्षकांना विचारा. त्यांचे तिकडे वर्गमित्र असतात. मुंबई-पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात जा. २००८ पासून जर्मन परराष्ट्र खात्याने ‘पाश’ नावाने जगभरच्या शाळांचं जाळं विणलं आहे, त्यात भारतातल्या शाळाही आहेत. श्टुटगार्टच्या नगरपालिकेला सरळ पत्र लिहिता येतं. भगिनी शहराकडून आलेल्या पत्राला तिथे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. आणि जर्मनीतली महाराष्ट्र मंडळं विसरू नका. त्यांच्यातल्या कुणाचं मूल ज्या शाळेत जातं, ज्या फुटबॉल क्लबमध्ये खेळतं, तोच तुमचा जोडीदार होऊ शकतो.

मग दोघांनी मिळून काय करायचं ते ठरवा. ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ एवढंच लिहिलेला अर्ज मी परीक्षक असतो तर बाजूला ठेवला असता. लेझीम दाखवणं आणि किल्ला दाखवणं यात गैर काही नाही, पण दहा दिवस त्यावर निघत नाहीत. दोन्हीकडे खरोखर असलेला एक प्रश्न निवडा. पुण्याची मुळा-मुठा आणि श्टुटगार्टची नेकार, दोन्ही शहरातून वाहणाऱ्या नद्या. दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या नदीचं पाणी सारख्या पद्धतीने तपासायचं, महापालिकेतल्या अधिकाऱ्याला सारखेच प्रश्न विचारायचे, आणि भेटीत नोंदी समोरासमोर ठेवायच्या. अशा कामातून मुलं नागरिक म्हणून विचार करायला लागतात. जर्मनीच्या विकास-सहकार्य मंत्रालयाच्या योजनांना विषय संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांशी जोडलेला लागतो. नदीचा विषय त्यात सहज बसतो.

कोणता पैसा कुणासाठी

भारत-जर्मनी गटभेटींसाठी सर्वांत उपयोगी वाट आहे ‘वेल्टवेर्ट्स’ची. जर्मनीच्या विकास-सहकार्य मंत्रालयाने २००८ मध्ये ही योजना सुरू केली. आधी ती जर्मन तरुणांना स्वयंसेवक म्हणून परदेशी पाठवायची. आपल्यासारख्या देशांतले तरुण जर्मनीत जाऊन स्वयंसेवा करू शकतील अशी उलट वाट २०१३ पासून जोडली गेली. त्यासाठी वय साधारण १८ ते २८. शिवाय ‘वेल्टवेर्ट्स भेटी’ या नावाने गटागटांच्या देवाणघेवाणीला मदत मिळते, आणि त्यात जाणं आणि येणं दोन्ही धरलेलं असतं. शाळांसाठी याच मंत्रालयाच्या पैशावर ‘एन्सा’ नावाचा शालेय कार्यक्रम चालतो. दोन्ही योजनांची व्यवस्था ‘एंगेजमेंट ग्लोबल’ ही संस्था पाहते, आणि दोन्हींत अर्ज जर्मन बाजूने करायचा असतो. तुम्ही कितीही उत्तम अर्ज लिहिलात तरी तो मुंबईहून दाखल होणार नाही. तुमचं काम असं की जोडीदाराला लागणारा प्रत्येक कागद, आकडा आणि परिच्छेद वेळेआधी त्याच्या हातात पडावा. आपल्याकडून उत्तर आलं नाही म्हणून मुदत टळली, तर पुढच्या वर्षी तो दुसरा जोडीदार शोधेल.

युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’चं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. त्यातला तरुण गटांच्या देवाणघेवाणीचा भाग युरोपीय संघ आणि त्याच्या शेजारच्या देशांपुरता आहे. भारतीय विद्यार्थ्याला त्याचं उच्च शिक्षणाचं दार उघडं आहे, म्हणजे विद्यापीठामार्फत एखादं सत्र किंवा संयुक्त पदव्युत्तर पदवी. तेव्हा गावातल्या युवक मंडळाने इरॅस्मसच्या मागे लागून वर्ष घालवू नये.

एकट्या विद्यार्थ्यासाठी रोटरीची युवा देवाणघेवाण आहे. शाळकरी वयातलं, साधारण १५ ते १८ वर्षांचं मूल शालेय वर्षभर परदेशी राहतं. राहणं-जेवण यजमान कुटुंबांकडे, शाळेची व्यवस्था तिथल्या क्लबकडे. विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसाचा खर्च मात्र पालकांचा. म्हणजे ही योजना स्वस्त आहे, फुकट नाही. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगावं.

सरकारी पातळीवरची शिष्टमंडळंही असतात. २०१२ पासून बांगलादेशातल्या १०० तरुणांचं शिष्टमंडळ भारतात येण्याची पद्धत पडली. जपानचा ‘जेनेसिस’ हा युवा देवाणघेवाण उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला, आणि जपानच्याच ‘जागतिक युवा जहाज’ उपक्रमात भारतीय तरुण गेलेले आहेत. इथे पैसा सरकारं देतात, निवडही तीच करतात. राष्ट्रीय सेवा योजनेत आणि युवा कार्य मंत्रालयाच्या उपक्रमांत ज्यांचं काम दिसतं त्यांना इथे संधी असते. तुमच्या संस्थेला यात फारसं करण्यासारखं नाही. चांगल्या मुलांना वेळेवर माहिती द्या.

आपला वाटा कागदावर आणा

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडच्या संस्था जोडीदाराशी बोलताना ‘आमच्याकडे द्यायला काही नाही’ असं म्हणतात. विनयाने म्हणतात, पण त्यातून पुढचं सगळं बिघडतं. ज्याच्या पैशावर सगळं चाललं आहे तो विषय ठरवतो, तारखा ठरवतो, कोणत्या मुलांनी यायचं तेही ठरवतो. आणि आपली मुलं तिथे भेटीला जाण्याऐवजी उपकाराखाली जातात.

एक अंदाजपत्रक मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा १२ मुलं आणि ३ कार्यकर्ते जर्मनीला जाणार आणि पुढच्या वर्षी तेवढीच माणसं दहा दिवसांसाठी आपल्याकडे येणार. तिकीट माणशी ७०,००० धरलं तर १०,५०,००० रुपये. विमा आणि व्हिसा केंद्राचं शुल्क मिळून माणशी ६,००० म्हणजे ९०,०००. आता आपल्याकडचं. पंधरा पाहुण्यांचं दहा दिवसांचं जेवण, माणशी रोज ४०० रुपये, म्हणजे ६०,०००. बस दहा दिवस, रोज १२,०००, म्हणजे १,२०,०००. दुभाष्याचं मानधन आणि साहित्य ५०,०००. पाहुणे कार्यकर्त्यांच्या आणि पालकांच्या घरी उतरणार. खोलीचं भाडं द्यावं लागलं असतं तर माणशी रात्रीला १,००० पडले असते, म्हणजे दहा रात्रींचे १,५०,०००. ही चार कलमं मिळून ३,८०,००० रुपये. एकूण खर्च १५,२०,०००, आणि आपला वाटा बरोबर चौथा हिस्सा.

अशा योजनांत अनुदान सहसा एकूण खर्चाच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढे जात नाही, उरलेलं आयोजकांनी आणायचं असतं. म्हणजे ‘द्यायला काही नाही’ म्हणणारी संस्था प्रत्यक्षात अनुदानाबाहेरचा सगळा भाग उचलत असते, फक्त तो कागदावर येत नाही. घरच्या पाहुणचाराची किंमत लावणं आपल्या संस्कारात बसत नाही, हे मला मान्य आहे. यजमान घरात ती किंमत बोलू नका. अंदाजपत्रकात मात्र लिहा. काही योजना अशी वस्तुरूप मदत वाट्यात धरतात, काही फक्त रोख धरतात. पण ती न धरणाऱ्या योजनेच्या अर्जातही स्वतंत्र ओळीत ती दाखवावी, म्हणजे जोडीदाराला आणि परीक्षकाला आपलं वजन कळतं.

रोख वाटा गावातून उभा करता येतो. गणेशोत्सव मंडळं, सहकारी पतसंस्था, माजी विद्यार्थी संघ, व्यापारी संघटना यांना बसचं भाडं किंवा दहा दिवसांचा शिधा अशी नेमकी गोष्ट मागा. ‘परदेश दौऱ्यासाठी देणगी’ म्हटलं की हात आखडतात, आणि ते स्वाभाविक आहे. ‘आपल्या गावात येणाऱ्या पाहुण्यांचं एका दिवसाचं जेवण तुमच्याकडे’ म्हटलं की तीच माणसं पुढे होतात.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या, म्हणजे सीएसआर, निधीबद्दल मात्र सावध राहा. २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे भारताबाहेर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. अपवाद आहे तो राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. म्हणून मुलांच्या जर्मनीतल्या दौऱ्यासाठी कंपनीचं दार ठोठावून उपयोग नाही. नदीच्या पाण्याची तपासणी, इथलं शिबिर, ग्रामीण शाळांची कार्यशाळा अशा इथल्या शैक्षणिक कामाला ती मदत करू शकते. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी. धर्मादाय संस्थेने स्वतःचा पैसा परदेशात खर्च केला तर आयकराची सवलत त्या खर्चाला आपोआप मिळत नाही, हेही सीएला आधी विचारून घ्या.

परदेशी पैसा खात्यात घेण्याआधी

जोडीदार आनंदाने लिहितो, ‘तुमचा खाते क्रमांक पाठवा, दोन हजार युरो पाठवतो.’ इथे थांबा. परदेशी योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, २०१० चा आहे आणि २०२० मध्ये तो बराच कडक झाला. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संस्थेच्या खात्यात परदेशी देणगी घेणं हा गुन्हा आहे, रक्कम कितीही लहान असो. सचिवांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक खात्यात घेऊन पुढे संस्थेसाठी वापरणं तर त्याहून वाईट.

नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. तेवढं नसेल तर विशिष्ट दात्याकडून, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट रकमेपुरती पूर्वपरवानगी मागता येते. नोंदणी मिळाली की परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवता येतो. तो दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत एफसी-४ हे वार्षिक विवरण भरावं लागतं. छोट्या संस्थेने एकाच दौऱ्यासाठी हे सगळं अंगावर घ्यावं का, याचा शांतपणे विचार करावा.

बहुतेकदा घ्यावं लागत नाही. अनुदान जर्मन संस्थेकडे आलेलं असतं. तिने मुलांची विमानाची तिकिटं स्वतःच काढावीत, तिथला मुक्काम, जेवण आणि प्रवास स्वतःच भागवावा. आपल्याकडचा खर्च आपल्या पैशातून. अशा रचनेत आपल्या संस्थेच्या खात्यात परदेशी रुपया येतच नाही. सरकारी नोकर, सरकारी मालकीच्या संस्थेचा कर्मचारी, लोकप्रतिनिधी किंवा राजकीय पक्षाचा पदाधिकारी गटाबरोबर जाणार असेल, तर असा परदेशी पाहुणचार घेण्यासाठी त्याला केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी आधी काढावी लागते. शासकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी हे डोळ्यांआड करू नये.

परदेशातल्या मराठी माणसांकडून मदत घेताना पासपोर्ट पाहावा लागतो. तिथे राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माणूस आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती परदेशी योगदानात मोडत नाही. ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी मोडते, ओसीआय कार्ड असलं तरीही. आणि जर्मनीत नोंदवलेलं महाराष्ट्र मंडळ संस्था म्हणून पैसे देत असेल तर तेही परदेशी स्रोतच. दोन्ही प्रकारची माणसं एकाच व्हॉट्सॲप गटात असतात, म्हणून आवाहन पाठवतानाच हे स्पष्ट लिहा.

व्हिसा, पासपोर्ट आणि कोण जाणार

जर्मनीला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. पण शैक्षणिक कारणासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक, तसंच ना-नफा संस्थांनी भरवलेल्या परिषदा, शैक्षणिक, सांस्कृतिक किंवा क्रीडा कार्यक्रमांत भाग घेणारे २५ वर्षांपर्यंतचे ना-नफा संस्थांचे प्रतिनिधी, यांना ते माफ आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावं लागतं. ही सवलत मिळायला जोडीदाराच्या निमंत्रणपत्रात आपली संस्था ना-नफा असल्याचा आणि कार्यक्रमाच्या स्वरूपाचा स्पष्ट उल्लेख हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अल्पवयीन मुलांसाठी दोन्ही पालकांची लेखी संमती.

पासपोर्टचा खर्च अंदाजपत्रकात क्वचितच असतो. प्रौढाचा साधा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, पण तालुक्याच्या गावाहून पासपोर्ट केंद्रापर्यंतच्या फेऱ्या, कागदपत्रांतली नावाची तफावत आणि पोलिस पडताळणी यात आठवडे जातात. निवड प्रवासाच्या तीन महिने आधी जाहीर केली तर ज्याच्याकडे आधीच पासपोर्ट आहे तोच जातो. म्हणजे जी मुलं आईवडिलांबरोबर सिंगापूरला जाऊन आली, तीच पुन्हा जर्मनीला जातात. निवड वर्षभर आधी करा, पासपोर्टचं शुल्क आणि जाण्यायेण्याचं भाडं संस्थेने द्यावं. मुलांकडून घ्यायचा सहभागही सगळ्यांसाठी सारखा नको. घरच्या ऐपतीप्रमाणे तीन-चार टप्पे ठेवा, आणि कोणी किती दिले हे कोषाध्यक्षापलीकडे कुणाला कळू देऊ नका. आश्रमशाळेतली मुलगी गटात असेल तर तिच्यासाठी गरम कपडे आणि चांगले बूट हेही खर्चाचं कलम आहे. ‘घरून आणा’ म्हणून ते सुटत नाही.

भाषेसाठी पैसे ठेवा. फ्रँको-जर्मन कार्यालयाने फार पूर्वी ओळखलं की दुसऱ्याची भाषा येत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मुलांचे पहिले दोन दिवस हातचे जातात. म्हणून त्यांनी खेळांतून शब्द शिकवणारे तरुण सूत्रधार तयार केले आणि त्यांच्या मानधनाची सोय केली. आपल्याकडे जर्मन शिकणारा महाविद्यालयीन विद्यार्थी हे काम आनंदाने करेल. मराठी माध्यमाची मुलं गटात घ्यायची असतील, आणि ती घ्यायलाच हवीत, तर हा खर्च कापू नका.

पाहुणे आपल्याकडे येतील तेव्हा घरोघरी उतरतील. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की यजमानाने त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन नोंदवावी लागते. ‘फॉर्म सी’ या नावाने ही नोंद वर्षानुवर्षं ओळखली गेली. हॉटेलं हे नेहमी करतात, घरच्या यजमानांना ठाऊकच नसतं. एका कार्यकर्त्याने आठवडाभर आधी सगळ्या घरांची ऑनलाइन नोंदणी करून ठेवावी. यजमान घरांना आधी भेट द्यावी, मुलाची झोपायची जागा पाहावी, आणि अडचण आली तर मुलाने कुणाला फोन करायचा ते दोन्ही भाषांत लिहून त्याच्या हातात द्यावं.

हिशोब

अनुदानाचा शेवटचा हप्ता बहुधा हिशोब मंजूर झाल्यावर मिळतो. म्हणून हिशोबाची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा. विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवा. तिकिटाची पावती प्रवास झाल्याचा पुरावा होत नाही. सहभागींच्या यादीवर प्रत्येकाची सही हवी, दोन्ही देशांच्या मुलांची, आणि ती कार्यक्रम चालू असतानाच घ्यावी. नंतर सह्या गोळा करणं फार जड जातं. रुपया आणि युरो यांचा कोणता दर धरायचा, कोणत्या तारखेचा, हे जोडीदाराशी आधीच लेखी ठरवा. भाजीवाल्याकडची पावती मिळत नसेल तर व्हाउचरवर त्याची सही घ्या आणि ते व्हाउचर कशाचं आहे याची एक ओळ इंग्रजीत लिहा, कारण ते तपासणारा माणूस बॉनला किंवा बर्लिनला बसलेला असेल.

अहवालात मुलांना दोन पानं द्या. काय आवडलं यापेक्षा कशावर मतभेद झाले ते लिहायला सांगा. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याबद्दल दोन्ही गटांची मतं वेगळी पडली असतील, तर तो तुमच्या कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग आहे. परीक्षक तो वाचतात, आणि दुसऱ्या वर्षीचा विषयही बहुधा त्यातून निघतो.

या सगळ्याला पहिल्या पत्रापासून पहिल्या विमानापर्यंत दीड वर्ष धरा. या महिन्यात तीन कामं होऊ शकतात. कार्यकारिणीत ठराव करून दोन माणसांवर जबाबदारी टाका, त्यातलं एक तिशीच्या आतलं असू द्या. संस्थेचं नोंदणीपत्र, घटना आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद इंग्रजीत करून घ्या. आणि जवळच्या शाळेतल्या जर्मन शिक्षकांची भेट ठरवा.